मदत हवी आहे: बुशची बर्र कॅमेऱ्यातून सुटते आणि दुपारनंतर चांगले पीसही रिजेक्ट होतात

अंबडचा_लेथवाला

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं छोटं टर्निंगचं युनिट आहे, १४ माणसं. २२ मिमी व्यासाचा स्टीलचा बुश (आतून पोकळ, नळीसारखा तुकडा) बनवतो, त्याला ४ मिमीचं आरपार आडवं भोक. ड्रिल बाहेर पडतं त्या कडेला बारीक कूस राहते, म्हणजे आपली बर्र. दोनदा गिऱ्हाइकाची तक्रार आली, म्हणून कर्ज काढून कॅमेरा लावला.

सेटअप असा: ५ मेगापिक्सेलचा मोनो (काळा-पांढरा) कॅमेरा (२४४८ × २०४८), वरून बघतो, दृश्याची रुंदी साधारण ४० मिमी. वर गोल रिंगलाइट. कन्व्हेयरच्या खाचेत ऑपरेटर बुश ठेवतो, बर्रची बाजू वर. कन्व्हेयरचा वेग सेकंदाला १५० मिमी.

सप्लायरने त्याच्या ऑफिसात डेमो दिला तेव्हा बर्र अशी दिसत होती की मी तिथेच ऑर्डर दिली. आमच्या शेडमध्ये मात्र बर्र असलेले पीस पास होतात. वर सकाळी हजारात ८-१० चांगले पीस उगाच बाहेर पडतात, ते साडेतीननंतर ६०-७० वर जातात. सप्लायर म्हणतो, 'एआयवालं सॉफ्टवेअर घ्या, सगळं सुटेल.' त्याचे अजून चार लाख. घ्यावं का? तपासणीच्या मावशींना परत टेबलावर बसवलंय, म्हणजे पगारही चालू आणि हप्ताही चालू.

सातपूर_क्यूए

चार लाख आधी खिशात ठेवा. दोन गोष्टी सांगा. एक्स्पोजर, म्हणजे एका फोटोला कॅमेरा उजेड घेतो तो वेळ, किती ठेवलंय? आणि शेडचं शटर कुठल्या दिशेला आहे?

अंबडचा_लेथवाला

एक्स्पोजर २ मिलिसेकंद. शटर पश्चिमेला. दुपारी ऊन थेट आत येतं. कॅमेरा शटरपासून वीसेक फुटांवर.

सातपूर_क्यूए

मग हिशोब करा. ४० मिमी भागिले २४४८, म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.०१६ मिमी. ०.१ मिमीची बर्र सहा पिक्सेल व्यापते. कॅमेरा कमी नाही. पण २ मिलिसेकंदांत तुमचा बुश ०.३ मिमी पुढे सरकतो, म्हणजे अठरा पिक्सेल. सहा पिक्सेलची वस्तू अठरा पिक्सेल फासली तर दिसणार काय? डेमोला पीस टेबलावर स्थिर होता ना? तिथेच गोम आहे.

हे फासणं एका पिक्सेलच्या आसपास आणायचं तर एक्स्पोजर १०० मायक्रोसेकंद लागेल, म्हणजे उजेड वीसपट कमी. तुमची रिंगलाइट तेवढी पुरणार नाही, म्हणूनच सप्लायरने वेळ वाढवून ठेवली असणार. आणि जेवढा वेळ जास्त, तेवढं बाहेरचं ऊनही फोटोत शिरतं. दोन्ही दुखणी एकाच ठिकाणची. स्ट्रोब कंट्रोलर (फोटोच्या क्षणीच लाइट जोरात चमकवणारा) आणि जोरदार लाइट मागा. कॅमेरा ग्लोबल शटरचा, म्हणजे अख्खा फोटो एकदम टिपणारा, आहे का तेही बघा. रोलिंग शटर (ओळीओळीने टिपणारं) असेल तर हलत्या पिसाचा आकारच तिरका येतो. फासलेल्या फोटोतून एआयही बर्र शोधणार नाही, ती फोटोत नाहीच.

पिंपळगावकर

मी पिंपळगाव बसवंतला बेदाण्याच्या कलर सॉर्टरची देखभाल करतो, लोखंडातलं कळत नाही. पण आमच्याकडे मशीन 'बिघडलं' की निम्म्या वेळा काचेवर धूळ असते. तुमच्याकडे कूलंटचा धूर असणार. लेन्सवर बोट फिरवू नका, मऊ कापडाने पुसून बघा.

अंबडचा_लेथवाला

पुसली. कापड पिवळं झालं, लाजच वाटली. काळं रेक्झिन आणून कॅमेऱ्याभोवती तंबू केला. साडेतीनचं रिजेक्शन हजारात १२ वर आलं. कन्व्हेयर थांबवून तोच बर्रवाला पीस बघितला, तर कूस आधीपेक्षा स्पष्ट. पण डेमोसारखी अजून नाही.

सातपूर_क्यूए

आता कागद-पेन घेऊन मावशींजवळ अर्धा तास बसा. पीस कसा धरतात तेवढंच बघा.

अंबडचा_लेथवाला

बसलो. दहा वर्षं समोर बघतोय, पण आज पहिल्यांदा नीट बघितलं. मावशी पीस डोळ्यासमोर सरळ धरतच नाहीत. ट्यूबलाइटच्या खाली जरा तिरपा करतात, बोटात अर्धा फेरा देतात, आणि बर्र असेल तर कडेला एक ठिणगीसारखी चमक येते. ती दिसली की पीस डाव्या डब्यात. विचारलं तर म्हणाल्या, 'चमकलं की टाकायचं, त्यात काय एवढं.'

सातपूर_क्यूए

तुमच्या कॅमेऱ्याला हीच चमक मिळत नाही. वरच्या रिंगलाइटने बुशचं अख्खं अंगच चकाकतं, त्यात बर्र हरवते. उजेड बाजूने, खालच्या कोनातून पाडा, म्हणजे अंग काळं राहील आणि उभी राहिलेली कूस तेवढी चमकेल. टर्निंगच्या रेघाही चमकू शकतात, तेव्हा बारलाइट (लांब पट्टीचा लाइट) एकदम घट्ट न करता कोन थोडा-थोडा बदलत बघा. पीस पुसून, तेल निथळलेला ठेवा. तेलाचा थेंबही बर्रसारखाच चमकतो.

एक मात्र गिऱ्हाइकाला कबूल करू नका. ड्रिल आत शिरताना पहिल्या भिंतीला बुशच्या आतून जी बर्र येते, ती वरच्या कॅमेऱ्याला कधीच दिसणार नाही. त्याला आत बघणारी वेगळी लेन्स लागते, नाहीतर डीबरिंगच, म्हणजे बर्र काढण्याचं कामच, पक्कं करा.

अंबडचा_लेथवाला

हे आधी कोणी सांगितलं असतं तर! स्ट्रोबचं विचारलं. सप्लायर आधी कुरकुरला, मग म्हणाला सोमवारी आणून लावतो, पटलं तर पैसे द्या. एआयचं कोटेशन फाइलला लावून ठेवलं. पास कसं ठरवू? दहा-वीस पीस फिरवून सही करू का?

सातपूर_क्यूए

अजिबात नाही. मावशींनी वेगळे काढलेले ५० खराब आणि ५० चांगले पीस घ्या, प्रत्येकावर गुप्त नंबर टाका आणि सरमिसळ करून तीन वेळा फिरवा. एक सकाळी, एक उन्हात, एक रात्रपाळीला. खराब एकही सुटला तर सही नाही. चांगले दोन-चार बाहेर गेले तर चालेल, ते मावशी परत बघतील.

अंबडचा_लेथवाला

खराब पीस सध्या २३च निघाले, बाकी भंगारात गेले. मावशींना सांगितलंय, आता डावा डबा रिकामा करायचा नाही.