फुंकायला नकार दिला तरी सुटका नाही
दारू पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी अडवलं, तर ‘श्वास तपासायच्या मशीनमध्ये फुंकलंच नाही तर पुरावा कुठला?’ असा सल्ला काहीजण देतात, तो कृपया कुणी ऐकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्यांदा दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, दुसऱ्यांदा पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण पुढची कलमं असा सल्ला देणारे सांगत नाहीत. नकार दिला आणि पोलिसाला दारूचा वाजवी संशय असला, तर कलम २०३ प्रमाणे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. मग २०४ खाली डॉक्टरकडून रक्ताचा नमुना. तोही नाकारला, तर २०५ नुसार सबळ कारण नसलेला नकारच कोर्टात तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो.

सात रस्ता चौकाजवळ रात्रीच्या नाकाबंदीत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हवालदारानं नवी नळी लावून मशीन पुढं धरलं, दुचाकीवाला ओठ घट्ट मिटून मान हलवत राहिला. पाचच मिनिटांत त्याची किल्ली काढून घेतली आणि त्याला जीपमधून सिव्हिल हॉस्पिटलला नेलं. मागं बसलेली बायको, कडेवर लेकरू घेऊन, रिक्षा शोधत रस्त्यावर उभी. दुसऱ्यांदा सापडलेल्यानं तर असल्या सल्ल्याच्या वाटेलाही जाऊ नये.