चर्चा : औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासात एआय वापरावे का?

धागा सुरू करणारी (फार्म. डी., चौथे वर्ष)
आमच्या वर्गात केस प्रेझेंटेशनची तयारी आता सर्रास एआयकडून करून घेतली जाते आणि मला ते धोक्याचे वाटते. सत्तर वर्षांची, ६० किलो वजनाची, सीरम क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा रक्तातील टाकाऊ पदार्थ) १.८ असलेली रुग्ण घ्या. कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने तिचा क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती वेगाने साफ करतात त्याचे माप, मिनिटाला सुमारे २७.५ मिली येतो, पण स्त्रियांसाठीचा ०.८५ हा गुणक विसरला, तर तोच ३२ च्या वर दिसतो. ३० च्या खाली गेल्यावर एनॉक्सापॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची उपचाराची मात्रा दिवसातून दोनदाऐवजी एकदा द्यायची असते, म्हणजे त्या एका गुणकावर रक्तस्रावाचा धोका अवलंबून आहे. ज्याने हे गणित स्वतः सोडवलेले नाही, त्याला यंत्राची चूक कशी दिसणार?

उत्तर १ (बी. फार्म., दुसरे वर्ष)
मी असहमत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्यासारख्यांसाठी फार्माकॉलॉजीचे इंग्रजी पुस्तक ही पहिली भिंत असते. फेनिटॉइन या अपस्मारावरील (फिट्सवरील) औषधाची मात्रा थोडीशी वाढवली तरी रक्तातील पातळी एकदम का चढते, हे मला एआयने मराठीत समजावले: त्याचे विघटन करणारी विकरे (एन्झाइम्स) एका मर्यादेनंतर पूर्ण व्यग्र होतात. भरलेल्या वर्गात हाच प्रश्न चौथ्यांदा विचारण्याची सोय कुणाला असते?

उत्तर २ (डी. फार्म. झालेला, औषध दुकानात नोकरी)
एआयची उत्तरे अमेरिकन संदर्भांतूनही येतात, हे लक्षात ठेवावे. दम्यावरचा आपला सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल असतो. शिवाय आपल्याकडे ब्रँडच्या नावांत इतके साम्य असते की, लेबलवरील घटक वाचण्याची सवय लागली नाही, तर काउंटरवर घात होतो.

उत्तर ३ (एम. फार्म.)
संशोधनाची बाजू कुणीच मांडली नाही. प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय प्रणालीच्या कामाला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. औषधशोधात जाणाऱ्याने ही साधने टाळणे परवडणारे नाही.

धागा सुरू करणारी
उत्तर १ मधील अडचण खरी आहे आणि समजून घेण्यासाठी एआय वापरण्यास माझा विरोध नाही. विरोध आहे तो गुण मिळणारे काम त्याच्याकडून लिहून घेण्याला. म्हणून प्रत्येक केसची तोंडी परीक्षा रुग्णाच्या फाइलसमोर, कागद-पेन देऊन घ्यावी, अशी माझी मागणी आहे.

उत्तर १
ती परीक्षा मराठीत उत्तर देण्याची मुभा ठेवून घेतली, तर माझा पाठिंबा आहे.