मेलेल्या नेत्यावरच्या अत्याचाराच्या आरोपांचा तपास करून काय मिळतं?

सॅलिसबरीकर:
आमच्या गावात एडवर्ड हीथ यांचं घर आहे, लोक बघायला येतात. हीथ म्हणजे 1970 ते 74 चे ब्रिटनचे पंतप्रधान, 2005 मध्ये गेले. मग 2015 मध्ये विल्टशायर पोलिसांनी त्यांच्यावरच्या मुलांच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांचा तपास सुरू केला, ऑपरेशन कॉनिफर, दोन वर्षं चालला, साधारण 15 लाख पौंड गेले आणि रिपोर्टात काय, तर सात आरोपांमध्ये ते जिवंत असते तर बोलावून रीतसर जबाब घेतला असता. आता यातून काय समजायचं? ज्याला उत्तरच देता येणार नाही त्याची चौकशी करावी का? मनापासून विचारतेय, कायद्यातलं कोणी असेल तर सांगा.

कोर्टकचेरी_पुणे:
ताई, यातून दोषीही ठरत नाही आणि निर्दोषही नाही. जबाबाला बोलवायला लागतो तेवढा संशय ही फार खालची पायरी आहे, असे कितीतरी लोक बोलावले जातात ज्यांच्यावर पुढे काहीच होत नाही. रिपोर्टातच लिहिलंय की यावरून गुन्हा केला असं धरू नका. पण आकडा छापला की लोक धरणारच ना! आणि त्या घरासमोर उभं राहून पोलीस अधिकाऱ्याने कॅमेऱ्यापुढे पीडितांना आवाहन केलं ते मला अजिबात पटलेलं नाही. आपल्याकडे आरोपी गेला की त्याच्यावरचा खटला संपतो, पण घरच्यांना दुखवायच्या हेतूने मृताची बदनामी केली तर तो गुन्हा ठरू शकतो. इंग्लंडमध्ये मृताच्या बदनामीचा दावाच लागत नाही.

रोखठोक_नाशिक:
मी तर म्हणतो बंदच करा हे. कार्ल बीच आठवा. त्याने हीथ, माजी गृहमंत्री लिऑन ब्रिटन, माजी लष्करप्रमुख ब्रॅमॉल अशा कितीजणांवर अत्याचार आणि खुनांचे आरोप केले, लंडनच्या पोलिसांनी तपास पूर्ण व्हायच्या आधीच त्याचं म्हणणं खरं आहे असं जाहीर सांगून टाकलं, म्हाताऱ्या माणसांच्या घरांवर धाडी टाकल्या, आणि सगळं खोटं निघालं. 2019 मध्ये बीचला 18 वर्षांची शिक्षा झाली. लिऑन ब्रिटन तर तपास चालू असतानाच वारले, त्यांना कळलंच नाही की आपलं नाव साफ झालं.

मंजिरी_मँचेस्टर:
रोखठोक दादा, बीचचं सगळं मान्य, पण त्यावरून बंद करा म्हणता तर सिरिल स्मिथचं काय करायचं? रॉचडेलचा खासदार, 1972 ते 1992, अख्ख्या गावाचा लाडका. मुलांच्या वसतिगृहातल्या पोरांनी त्याने अत्याचार केल्याचे जबाब पोलिसांना दिले होते, 1970 मध्ये फाइल वरपर्यंत गेली आणि खटला भरायचा नाही असं ठरलं. 1979 मध्ये तिथल्या एका छोट्या पेपरने सगळं छापलं. त्यावर त्याच्या लिबरल पक्षाचे नेते डेव्हिड स्टील यांनी त्याला विचारलं, पोलीस चौकशी झाली होती हे त्याने कबूल केलं, आणि स्टीलनी काहीही केलं नाही! 1988 मध्ये तो सर झाला. 2010 मध्ये मानाने गेला आणि 2012 मध्ये सरकारी वकिलांनी सांगितलं की त्याच्यावर खटला व्हायला हवा होता. आता हे अधिकृतपणे तो मेल्यावरच मान्य झालं ना? स्टीलनी 2019 मध्ये मुलांवरच्या अत्याचारांच्या राष्ट्रीय चौकशीपुढे साक्ष दिली, 2020 मध्ये रिपोर्ट आला आणि त्यांना पक्ष आणि लॉर्ड्स (संसदेचं वरचं सभागृह) दोन्ही सोडावं लागलं. म्हणजे स्मिथला शिक्षा होणार नव्हतीच, पण ज्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं त्यातले काही जिवंत होते, त्यांना विचारता आलं. मला तपास हवाय तो यासाठी. त्या पोरांना 1970 मध्ये खोटं ठरवलं गेलं, ती आता म्हातारी झालीत, त्यांना कुणीतरी अधिकृतपणे सांगायला नको का की तुमचं ऐकायला हवं होतं?

सॅलिसबरीकर:
मंजिरीताई, हे पटलं. मग असं म्हणू का, की माणसाचा निकाल लावू नका, कार्यालयांचा लावा?

कोर्टकचेरी_पुणे:
बरोबर. ग्रेव्हिल जॅनर बघा, लेस्टरचे खासदार. 1991 पासून मुलांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी होत्या, त्यांनी कायम नाकारल्या. 2015 मध्ये आधी डिमेन्शिया म्हणून खटला नाही असं ठरलं, मग तो निर्णय फिरवला, आणि डिसेंबरमध्ये ते गेले. तक्रारदारांचं कोर्टात कधीच ऐकलं गेलं नाही आणि जॅनरना सुटायची संधीही मिळाली नाही. 1991 मध्ये नीट तपास झाला असता तर दोघांचंही झालं असतं. म्हणून मी आधी जुनी फाइल मागेन, कुणी सही केली ते बघेन, टीव्हीवर आवाहन नंतर.