आई-बाबांना घेऊन ऑलिंपिक नॅशनल पार्क: आरव्ही घ्यावी की गाडी आणि केबिन?

भटक्या_बॉथेल:
मंडळी, आई-बाबा जूनमध्ये साताऱ्याहून येतायत, तीन महिने आहेत. बाबा ७१, आई ६७, आईचे गुडघे दुखतात आणि तिला दर तासा-दीड तासाने बाथरूम लागतं. मुलं ९ आणि ५. डोक्यात असं आहे की जुलैच्या शेवटी पाच दिवस आरव्ही (बेड, स्वयंपाकघर, संडास असलेली गाडी) भाड्याने घ्यायची आणि इथल्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिकला फेरी मारायची. एकाच पार्कात लेक क्रेसेंट म्हणजे तळं, हरिकेन रिज म्हणजे डोंगर, कलेलॉक म्हणजे समुद्र, सगळं आलं. हॉटेल बदलायची कटकट नाही, बॅगा भरा-उघडा नाही, आईला मागे बेडवर आडवं होता येईल, वाटेत कुठेही थांबून चहा. ३० फुटी बघून ठेवलीये. बायको म्हणते वेडेपणा आहे, आपली मिनीव्हॅन घेऊ आणि केबिन बुक करू. तुम्हीच सांगा कोण बरोबर. (ती हा धागा वाचणार आहे, जपून लिहा.)

वरणभात_वॉरियर:
वहिनी बरोबर. विषय संपला.
बरं, थोडं सविस्तर. आम्ही तीन वर्षांपूर्वी हेच केलं. "कुठेही थांबू" हे जाहिरातीत असतं, तिथे नसतं. पार्कातल्या बहुतेक कॅम्पग्राउंडला २१ फुटांपर्यंतच्याच गाड्या नीट बसतात, ३५ फुटी मावेल अशा साइट (गाडी लावायच्या जागा) मोजक्या. होह आणि फेअरहोमला तर २१ च्या वर विचारच करू नका. ३० फुटी घेऊन तुम्ही रात्री झोपणार कुठे? आणि कलेलॉकचं उन्हाळ्याचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणजे जुलैची साइट जानेवारीत घ्यायची. आता एप्रिल चाललाय. स्वातंत्र्य म्हणे.

कोकणकन्या_टकोमा:
साइट मिळत नाही हे केबिनलाही लागू आहे हो. कलेलॉकच्या केबिन जुलैत मिळवून दाखवा.
माझं मत उलटं आहे. सासूबाईंना घेऊन आम्ही २४ फुटी नेली होती, त्यांना मधुमेह. कारने गेलो असतो तर त्या पाणीच प्यायल्या नसत्या, वाटेत संडास मिळेल की नाही या धास्तीने. आपल्याकडच्या बायका एसटीच्या प्रवासात वर्षानुवर्षं हेच करत आल्या. आरव्हीत त्या निवांत पाणी पीत होत्या, चार वेळा चहा. माझ्यासाठी तेवढ्यात पैसे वसूल झाले. बाकी मैलेज, पेट्रोल वगैरे हिशेब पुरुषांनी करत बसावा.

हिशेबी_हणमंत:
करतो की. आरव्ही गॅलनला ८ ते १० मैल देते. सिएटलहून हायवे १०१ धरून पूर्ण गोल मारला तर साधारण साडेतीनशे मैल, म्हणजे चाळीसेक गॅलन, आणि त्यात हरिकेन रिजचा चढ धरलेला नाही. भाड्यावर मैलांचे वेगळे, जनरेटरच्या तासांचे वेगळे, इन्शुरन्स वेगळा. फेरीबोटीवर २२ फुटांच्या पुढे तिकीट वाढतं. टकोमा नॅरोजच्या पुलावरून जा, टोल फक्त परत येताना पूर्वेकडे लागतो. सगळं मिळून केबिनपेक्षा स्वस्त पडत नाही, हे आधीच डोक्यातून काढा. हौस म्हणून घ्या, बचत म्हणून नको.

वरणभात_वॉरियर:
आणि कोकणकन्या ताई, त्या संडासाचं पुढे काय होतं ते सांगितलं नाहीत. चौथ्या दिवशी मी हातमोजे घालून तो पाइप टाकीला जोडत होतो, मागे सहा गाड्यांची रांग, आणि सासरे खुर्ची टाकून बघतायत. जोड नीट बसला नव्हता. पुढचं लिहीत नाही, कोणी जेवत असेल. आधी काळी टाकी म्हणजे संडासाची, मग भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे पाइप धुतला जातो, हा क्रम आयुष्यभर विसरणार नाही.

कोकणकन्या_टकोमा:
😂 आमच्याकडे ते काम नवऱ्याचं होतं, म्हणून माझ्या आठवणी चांगल्या आहेत.

धुक्यातला_ढग:
मूळ पोस्टमधली एक गोष्ट कोणी खोडली नाही आणि ती गंभीर आहे. चालत्या गाडीत आई मागे बेडवर आडवी होणार नाही. सगळ्यांनी पट्टा लावून सीटवर. लेक क्रेसेंटच्या कडेने १०१ जातो तिथे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, वळणं सतत आणि रस्ता अरुंद. मागचं प्रत्येक भांडं खणखणतं. स्वयंपाकाचंही तसंच, गाडी थांबल्यावरच. आणि फोडणी! मोहरी तडतडली की स्मोक अलार्म बोंबलतो, आम्ही अख्खं कॅम्पग्राउंड जागं केलंय सकाळी सात वाजता पोह्यांपायी. बाहेर टेबलावर स्टोव्ह ठेवून करा.

मुळशीकर_सध्या_पुण्यात:
इथे महाराष्ट्रात २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं तेव्हा मी असाच उत्साहात होतो. माझा प्रश्न वेगळाच आहे, होहच्या त्या रेनफॉरेस्टमध्ये एवढा पाऊस पडतो म्हणतात मग जुलैत आरव्हीतच कोंडून बसायचं का?

धुक्यातला_ढग:
नाही हो. होहला वर्षाला १४० इंचांच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा बराच कमी. पण आपल्या उलटा, तो हिवाळ्यात कोसळतो. जुलै-ऑगस्ट म्हणजे तिथला कोरडा काळ. खरी अडचण गर्दी, पार्किंग भरलं की गेटवर थांबवतात, एक बाहेर आली की एक आत. सकाळी लवकर पोचा. ३० फुटी धूड घेऊन त्या रांगेत उभं राहायचं का ते ठरवा.

बापू_पोर्टलँड:
मी म्हाताऱ्यांच्या पार्टीतला, वय ७३, मुलाने नेलं होतं म्हणून लिहितो. तुम्ही सगळे आमच्या वतीने भांडताय, आम्हाला कोणी विचारतच नाही. आरव्हीचा बेड म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळा, शिडीने चढायचं. मागचा मिळाला तरी भिंतीला चिकटलेला, रात्री उठायचं तर बायकोला ओलांडून. आणि पायऱ्या! आत जायच्या पायऱ्या उंच आणि अरुंद, गुडघेदुखीवाल्या माणसाला दिवसातून वीस वेळा चढ-उतर. ते भाड्याने घेण्याआधी आईंना एकदा चढायला लावा, दोन मिनिटांत निकाल लागेल.
पण कलेलॉकची सकाळ मात्र... दार उघडलं तर खाली समुद्र, धुकं, आणि वाळूवर आडवे पडलेले ओंडके, एकेक आमच्या वाड्याच्या तुळईच्या दुप्पट. बायको स्वेटरवर शाल घेऊन दारात चहा पीत बसली तासभर, काही बोलली नाही. केबिनमधून ते झालं असतं का, असतंही.
नातवंडांना त्या ओंडक्यांवर भरतीच्या वेळी चढू देऊ नका, लाट ते सहज उचलते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच खाली उतरा.

कोकणकन्या_टकोमा:
बापूंचा पायऱ्यांचा मुद्दा मान्य. सासूबाईंसाठी आम्ही प्लॅस्टिकचं स्टूल ठेवत होतो, ते लिहायचं राहिलं.

हिशेबी_हणमंत:
मधला मार्ग: मिनीव्हॅन घ्या, आत पोर्टेबल कमोड ठेवा, तीन रात्री पोर्ट एंजेलिसला, दोन फोर्क्सला. हरिकेन रिज पोर्ट एंजेलिसहून १७ मैल, वरपर्यंत डांबरी रस्ता, उंची ५,२४२ फूट, म्हणजे कळसूबाईपेक्षा जराच कमी आणि आई गाडीतून उतरली की समोर बर्फाचे डोंगर. फक्त वरचा डे लॉज २०२३ मध्ये जळून गेला, खाणं बरोबर न्या.

वरणभात_वॉरियर:
मिनीव्हॅनमध्ये कमोड. हणमंतराव, तुमच्या बायकोने हे वाचलंय का?

भटक्या_बॉथेल:
अपडेट. काल आईला व्हिडिओ कॉलवर आरव्हीचे फोटो दाखवले, पायऱ्यांचाही दाखवला. तिने पहिला प्रश्न विचारला, "त्यात देवाला जागा कुठे?" दुसरा, "संडास कोण साफ करणार?" मी म्हटलं मी. त्यावर बाबा मागून म्हणाले मग घे, बघायला मजा येईल.
३० फुटी रद्द. पार्कातच सोल डकला पाणी आणि वीज असलेल्या साइट आहेत, तिथे दोन रात्रींसाठी २४ फुटी बघतोय, बाकी तीन रात्री समुद्राजवळ केबिन, मिळाली तर. बायको म्हणते केबिन आधी बुक कर, मग बोल.

कोकणकन्या_टकोमा:
हातमोजे जाड घ्या.