मदत हवी आहे : उसने पैसे आणि ३ वर्षांची मुदत

मित्राला दीड लाख उसने दिलेले, जीपेने, दोन दिवसांत मिळून. कागद-बिगद काही केला नाही (माहितीये, चूक माझीच), व्याज नाही, परतीची तारीखही ठरली नव्हती. मधे त्याने २० हजार जीपेनेच परत केले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "उरलेले दिवाळीनंतर देतो" असं लिहिलं, आता फोन उचलत नाही आणि कॉमन मित्रांना सांगतो की ती तर मदत होती, उसने कुठले! मग २० हजार कशाचे दिले रे बाबा?

पोलीस म्हणाले दिवाणी मॅटर आहे. चेक घेतला नव्हता त्यामुळे कलम १३८ चा (चेक बाउन्सच्या केसचा) प्रश्नच नाही. वकिलाची नोटीस अजून पाठवलेली नाही.

कोर्टात वसुलीचा दावा लावायची मुदत, म्हणजे पैसे दिल्यापासून ३ वर्षं, पुढच्या महिन्यात संपतेय. तर त्या २० हजारांमुळे किंवा मेसेजमुळे मुदत नव्याने मोजतात का, की सही केलेला कागदच लागतो?