पॅसिफिक बेटांवर डायबिटीस इतका का? जीन्स की लहानपण?

कुतूहल:
समोआ, टोंगा, नाउरू हे देश डायबिटीस आणि लठ्ठपणात जगात वरच्या नंबरांत असतात, आणि कुठेही वाचा "त्यांचे जीन्सच तसे" म्हणून विषय संपवतात. मला हे पटत नाही. गर्भातलं आणि पहिल्या काही वर्षांतलं वातावरण जन्मभर परिणाम करतं म्हणतात, ते नेमकं कसं?

सागरलाट:
जीन्सचंच आधी घ्या. 2016 मध्ये समोअन लोकांत सीआरईबीआरएफ जीनचा एक प्रकार सापडला, निम्म्याच्या आसपास लोकांत असतो. त्याने वजन वाढतं, पण डायबिटीसचा धोका उलट कमी होतो! मग सगळं जीन्सवर कसं ढकलणार?
खरी गोष्ट गरोदरपणात सुरू होते. आईची शुगर वाढलेली असली की ग्लुकोज वारेतून बाळाकडे जातं, पण आईचं इन्सुलिन जात नाही, मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं, बाळ जास्त वजनाचं जन्मतं, पुढे त्यालाही डायबिटीसचा धोका आणि मुलगी असेल तर तिच्या गरोदरपणात परत तेच. यात आईला दोष देणारे लोक बघून फार राग येतो.

दक्षिणवारा:
आणि आईने खायचं काय? नाउरूत फॉस्फेटच्या खाणींनी बेटाचा मधला सगळा भाग उकरून टाकला, शेतीला जमीनच उरली नाही, जेवण बहुतेक बाहेरून येतं. समोआने 2007 मध्ये टर्की पक्ष्याच्या चरबीवाल्या शेपट्यांच्या आयातीवर बंदी घातली होती, पण जागतिक व्यापार संघटनेत जायचं म्हणून ती उठवायला लागली. मला तर हा सरळ अन्याय वाटतो.

रेवा_ऑकलंड:
घराबद्दल कोणीच बोललं नाही. इथे न्यूझीलंडमध्ये पॅसिफिक कुटुंबं बरेचदा थंड, दमट, भाड्याच्या घरात राहतात, हीटरचं बिल परवडत नाही म्हणून सगळे एकाच खोलीत झोपतात. एकाचा घसा स्ट्रेप नावाच्या जंतूने धरला की सगळ्यांना लागण, त्यातून काही मुलांना रुमॅटिक ताप येतो आणि हृदयाची झडप कायमची खराब होऊ शकते. मग तो ताप परत येऊ नये म्हणून दर 28 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. साधा घसा दुखण्यापासून सुरू झालेलं! 2013 पासून हेल्दी होम्स योजनेत अशा घरांना इन्सुलेशन, पडदे, जास्तीचे पलंग मिळवून देतात, हे मला गोळ्यांइतकंच खरं औषध वाटतं.

कुतूहल:
घराचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. लहानपणापासून मोठं होईपर्यंत त्याच मुलांचा मागोवा घेतलेला अभ्यास आहे का?

रेवा_ऑकलंड:
आहे ना, पॅसिफिक आयलंड्स फॅमिलीज स्टडी. 2000 साली इथल्या, ऑकलंडच्या मिडलमोर हॉस्पिटलमध्ये जन्मलेली 1398 बाळं घेतली होती. तिथून वाचायला सुरुवात करा.