साइटवर राहून प्रकल्प व्यवस्थापन कसे शिकावे?

नवा_अभियंता:
नमस्कार. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी सात महिन्यांपासून पुण्याजवळच्या एका गृहप्रकल्पावर प्रशिक्षणार्थी आहे. सळ्या मोजणे, आलेल्या मालाची चलने (पोचपावत्या) तपासणे आणि संध्याकाळी दैनंदिन अहवाल लिहिणे, एवढेच काम माझ्याकडे असते. कार्यालयात भिंतीवर बार चार्ट, म्हणजे प्रत्येक कामाचा कालावधी पट्टीने दाखवणारा तक्ता, लावलेला आहे, परंतु त्यातील पट्ट्यांची लांबी कोणी आणि कशावरून ठरवली, हे मला उमगत नाही. आधी अभ्यासक्रम करावा, की हे साइटवरच शिकता येईल?

ओळंबा:
अभ्यासक्रम जरूर करा, पण त्याआधी एका स्लॅबचे पूर्ण चक्र स्वतः वहीत नोंदवा: सेंटरिंग (काँक्रीटला आधार देणारा तात्पुरता साचा आणि टेकू), सळ्यांची बांधणी, विजेचे पाइप, तपासणी, काँक्रीट, क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवणे). प्रत्येक कामापुढे ते कशासाठी थांबले होते, तेही लिहा. साध्या पोर्टलंड सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधील अंतराला) किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवावेत, असे आयएस ४५६ हे काँक्रीट कामाचे भारतीय मानक सांगते. तेवढे दिवस ते साहित्य अडकून पडते, म्हणून साइटवर सेंटरिंगचे किती संच आहेत यावर वरच्या मजल्याची तारीख ठरते. तुमच्या भिंतीवरची पट्टी तिथून येते.

माझ्या पहिल्या साइटवर सकाळी काँक्रीटच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा बाथरूमच्या भागातील नळाच्या स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी स्लॅबमध्ये ठेवायच्या नळ्या) बसवायच्या राहिल्याचे लक्षात आले. प्लंबर अकरा वाजता आला, तोवर एका गाडीतील मालाची दोन तासांची मुदत उलटली आणि ती परत पाठवावी लागली. प्लंबरला आदल्या दिवशी फोन करणे माझ्याकडे होते. त्यानंतर प्रत्येक कामाआधी 'कोणाचे काय पूर्ण हवे' हे मी लिहून काढू लागलो, आणि क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्यातले एक काम लांबले की सगळा प्रकल्प लांबतो ती कामांची साखळी, मला त्या यादीमुळे कळली.

कोयनाकाठ:
वरील सल्ला मोलाचा आहे, परंतु केवळ वेळेच्या नोंदी ठेवून पैशांची बाजू समजत नाही. ठेकेदाराचे चालू बिल (काम सुरू असताना टप्प्याटप्प्याने येणारे) तपासताना वरिष्ठांच्या शेजारी बसू द्यावे, अशी विनंती करा. मोजमाप वही आणि बार चार्ट शेजारी ठेवले की काम मागे पडल्याची किंमत डोळ्यांसमोर येते. शिवाय एखादे लहान काम, उदाहरणार्थ एका मजल्यावरील फरशी, आरंभापासून हस्तांतरणापर्यंत मागून घ्या. प्रमाणपत्राची घाई नको. सीएपीएम या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्राथमिक प्रमाणपत्राच्या परीक्षेला अनुभवाची अट नाही, २३ तासांचे प्रशिक्षण पुरते. पीएमपी या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी मात्र प्रकल्प हाताळल्याचा अनेक महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तो तुम्ही आता मिळवतच आहात.

नवा_अभियंता:
दोघांचेही मनापासून आभार. सहाव्या मजल्याचे सेंटरिंग सोमवारी सुरू होत आहे, तेव्हापासून वही सुरू करतो. फरशीच्या कामाविषयी आजच साहेबांना विचारले. त्यांनी दुसरा मजला दिला आहे.